भाजलेली गिटार, बुडालेली गिटार

नोव्हेंबर १९८० मध्ये व्हेनेझुएलातल्या काराकासहून निघालेलं एक मालवाहू विमान उड्डाण घेतानाच कोसळलं. विमानातली माणसं गेली. पीटर फ्रॅम्प्टन या ब्रिटिश गिटारवादकाचा दक्षिण अमेरिकेचा दौरा चालू होता आणि त्याच्या बँडचं सामान त्या विमानात होतं. त्यात होती १९५४ ची एक काळी लेस पॉल कस्टम, गिब्सन या अमेरिकन कंपनीची इलेक्ट्रिक गिटार. ‘फ्रॅम्प्टन कम्स अलाइव्ह’ या १९७६ च्या अल्बमच्या मुखपृष्ठावर त्याच्या हातात दिसते ती हीच. गिटार जळून गेली असंच सगळ्यांनी धरलं.

डिसेंबर २०११ मध्ये ती परत आली. ढिगाऱ्यातून कुणीतरी ती उचलली होती आणि पुढे कुरासाव बेटावर ती खुशाल वाजत होती. मानेवर भाजल्याच्या खुणा होत्या, पण गिटार शाबूत होती. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात गिब्सनच्या कस्टम शॉपमध्ये तिची डागडुजी झाली. फ्रॅम्प्टन आता तिला फीनिक्स म्हणतो.

याच नॅशव्हिलनं दीडएक वर्ष आधी उलटा प्रकार पाहिला होता. मे २०१० मध्ये तिथे दोन दिवसांत साडेतेरा इंच, म्हणजे सुमारे ३४५ मिलिमीटर पाऊस पडला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाहिलेल्या आपल्याला हा आकडा किरकोळ वाटेल, पण कंबरलँड नदी शहरात घुसली. नदीकाठी साउंडचेक नावाची मोठी जागा आहे, तिथे शेकडो वादक आपली वाद्यं ठेवतात. ती बुडाली. फ्रॅम्प्टनचीही वाद्यं तिथे होती. लोकांना आत जायला मिळालं ते काही दिवसांनी. तोवर गिटारी आपापल्या पेट्यांत गढूळ पाण्यात मुरत पडलेल्या.

एक आगीतून आलेली, बाकीच्या पाण्यातून. अशी गिटार टेबलावर आली की पुढे काय करतात? मी हे काम हौसेनं करतो, पोटासाठी नाही. त्यामुळे माझ्याकडे येतात त्या लाखमोलाच्या लेस पॉल नसतात. पण लाकूड, सरस आणि तांब्याची तार यांना गिटारीची किंमत माहीत नसते, ती सगळीकडे सारखीच वागतात.

आधी ही वस्तू काय आहे ते बघू. साधी गिटार किंवा सतार ही पोकळ पेटी असते, आवाज त्या पोकळीत घुमून मोठा होतो. पेटीचं पातळ लाकूड भिजलं की फुगतं, सांधे उकलतात, आणि वाद्य अक्षरशः पानापानानं सुटतं. सॉलिड बॉडी इलेक्ट्रिक गिटार म्हणजे मात्र भरीव ओंडका. फ्रॅम्प्टनची कस्टम तर पूर्ण महोगनीची, वर मेपलचा थरही नाही. तिच्यात आवाज ऐकू येण्याचं काम पिकअप करतो. सायकलचा डायनॅमो आठवा: तारेच्या गुंडाळ्याजवळ चुंबक फिरलं की वीज. इथे चुंबक आणि गुंडाळा दोन्ही जागच्या जागी, हलते ती वरची पोलादी तार. ती हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, गुंडाळ्यात इवलासा विद्युत्प्रवाह उमटतो आणि तो अँप्लिफायरकडे जातो. म्हणून भरीव गिटार पुरातून वाचण्याची शक्यता बरीच जास्त. तिचे नाजूक अवयव मोजके, आणि बहुतेक सोडवून बाजूला काढता येतात.

भिजलेल्या गिटारीचा पहिला शत्रू पाणी नसतं, घाई असते. पुराच्या पाण्यात गाळ, डिझेल, सांडपाणी सगळं असतं, त्यामुळे ते वाळण्याआधी स्वच्छ पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसून काढायचं. हो, भिजलेली गिटार पुन्हा ओली करायची. मग तारा, पिकअप, ब्रिज, ट्यूनर, सगळं सोडवून कोणता स्क्रू कुठला ते लिहून डब्यांत ठेवायचं. गंजलेला स्क्रू जोर लावून फिरवला तर डोकं तुटतं आणि मुंडकं नसलेला स्क्रू लाकडातून काढणं हा वेगळाच छळ. त्यापेक्षा सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूवर अर्धा मिनिट धरायचं. धातू तापून पसरतो, थंड होताना आकसतो, गंजाची पकड सुटते.

मग सावलीत, हलत्या हवेत, आडवी न ठेवता उभी वाळवायची. उन्हात नाही, हेअर ड्रायर तर मुळीच नाही. लाकूड बाहेरून आधी वाळतं आणि आकसतं. आत अजून ओलं असेल तर बाहेरची आकसलेली साल आतल्या फुगलेल्या गाभ्यावर ताणली जाते आणि फाटते. पापड कडक उन्हात टाकला की कडा आधी वळतात, तेच. वाळली हे कळणार कसं? वाण्याच्या काट्यानं. रोज वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहायचं. आठवडाभर आकडा हलला नाही की गाभाही हवेशी जुळला असं समजायचं. याला आठवडे लागतात, कधी महिने. कोकणात पावसाळ्यात हे करायला बसू नका. हवाच नव्वद टक्के दमट असेल तर लाकूड पाणी सोडणार कुणाला?

आता सरस. जनावरांची हाडं-कातडी उकळून केलेला हा गोंद आपल्याकडच्या जुन्या सुतारांना चांगला माहीत आहे. वाद्यं बनवणारे शेकडो वर्षं तोच वापरत आले आहेत. तो वाळताना सांधा स्वतःकडे ओढून घेतो, काचेसारखा कडक होतो, आणि ऊब व ओल दिली की पुन्हा मऊ होतो. दुरुस्ती करणाऱ्याला हा शेवटचा गुण म्हणजे वरदान, कारण शंभर वर्षांनीसुद्धा सांधा न मोडता उघडता येतो. पुरात हाच गुण उलटतो. नदीनं सांधा उघडला तरी त्यातल्या त्यात एक बरं असतं: फळ्या फाटत नाहीत, स्वच्छ सुटतात. धुवून, जुना सरस काढून, नवा लावून परत जोडता येतात. एपॉक्सीनं चिकटवलेलं असतं तर सांध्याऐवजी लाकूड फाटलं असतं.

पण पूर आणि विमान अपघात रोज होत नाहीत. गिब्सन पद्धतीच्या गिटारींचं रोजचं दुखणं म्हणजे मान मोडणं. स्टँडवरून गिटार पडते, खरं तर नुसती कलंडते, आणि हेडस्टॉक, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या असतात ते डोकं, नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीच्या, मागे तुटतं. हे इतकं नेमानं घडतं की त्यामागे कारण असणारच. कारणं तीन. गिब्सनचं डोकं मानेच्या रेषेत नसतं, मागे झुकलेलं असतं, जुन्या गिटारींत १७ अंश. मान आणि डोकं एकाच लाकडातून कापलेलं, त्यामुळे लाकडाचे उभे तंतू त्या कोनात तिरपे कापले जातात. उसाचं कांडं सरळ मोडणं कठीण आणि तिरपा काप दिला की सोपं, तसं. दुसरं, मानेत आरपार एक पोलादी सळई असते, ट्रस रॉड. मान वाकवणाऱ्या तारांना ती आतून उलटा जोर देते. ती पिळायला जागा हवी म्हणून नेमका त्याच नाजूक ठिकाणी खळगा कोरलेला. तिसरं, सहा तारांची मिळून ओढ साधारण ४५ किलो, आणि ती चोवीस तास चालू. फेंडर या दुसऱ्या अमेरिकन कंपनीनं मान मेपलची केली, डोकं झुकवलंच नाही, आणि मान चार स्क्रूंनी बसवली. मोडलीच तर दुसरी बसवा. लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवत नसे, रेडिओ दुरुस्त करणारा माणूस होता. हे त्याच्या गिटारी उघडल्या की लगेच कळतं.

माझ्या टेबलावर गेल्या वर्षी अशीच एक मोडकी मान आली. म्हापशाजवळच्या एका घरातून, जिथले आजोबा तारवटी होते. बोटीवरच्या नोकरीत त्यांनी जपानहून सत्तरच्या दशकातली लेस पॉलची नक्कल आणलेली. मागे तीस वर्षं ती माळ्यावर. डोकं एका बाजूच्या लाकडी सालीवर लोंबकळत होतं, बाकी सगळा सांधा तुटलेला, आणि त्यात कुणीतरी कधीकाळी पांढरा गोंद ओतून ठेवलेला.

हा पांढरा गोंद म्हणजे खरी अडचण. टेबल-खुर्चीला तो उत्तम. पण तो कायम किंचित लवचिक राहतो आणि सततच्या ओढीखाली मुंगीच्या पावलानं सरकतो. ४५ किलोची ओढ वर्षभर सोसायची असेल तर असा गोंद चालत नाही. शिवाय एकदा तो तंतूंत मुरला की दुसरा गोंद तिथे नीट धरत नाही. म्हणून ताजी मोड सोपी, आधी कुणी चिकटवायचा प्रयत्न केलेली मोड अवघड. कोमट पाणी, जुना टूथब्रश आणि दाताच्या डॉक्टरकडची असते तशी बारीक आकडी घेऊन मी चार संध्याकाळी तो गोंद खरवडत बसलो. लाकडाचा एक तंतूही जाऊ द्यायचा नव्हता, कारण मोडलेल्या दोन तोंडांचे ते वेडेवाकडे दातच एकमेकांत बसून सांधा भक्कम करतात. पॉलिश पेपरनं घासून ‘सपाट’ करणारे लोक पाहिले की मला घाम फुटतो.

साफ झाल्यावर गोंद न लावता सगळी तालीम. शिकंजे कुठे लागतील, डोकं झुकलेलं असल्यानं ते घसरतील का, मानेच्या गोलाईला बसणारे लाकडी ठोकळे कसे हवेत, हे आधी कोरडंच करून बघायचं. गोंद लागल्यावर हातात पाच मिनिटं असतात आणि नेमका तेव्हाच ठोकळा खाली पडतो. मग सुताराचा पिवळा गोंद सिरिंजमध्ये भरला. डोकं हलकेच मागे खेचलं, भेग श्वास घेतल्यासारखी उघडली, तिच्यात गोंद सोडला. पुन्हा मिटवली, बाहेर आलेला पुसला, पुन्हा उघडली. तिसऱ्या वेळी भेगेच्या सगळ्या कडेवर मोहरीएवढे थेंब एका ओळीत उभे राहिले. तेव्हा कळलं की आत सगळीकडे पोचला. बटर पेपर, ठोकळे, शिकंजे. चोवीस तास हात लावायचा नाही. घरात कुणी तरी लावतंच, म्हणून वर चिठ्ठी चिकटवली होती.

मोड आखूड असेल, लाकूड गळालं असेल, तर एवढ्यानं भागत नाही. तेव्हा सांध्यावर आडव्या खाचा घेऊन त्यात सरळ तंतूंच्या पट्ट्या बसवतात, किंवा मानेच्या मागे लाकडाचा पातळ पदर चढवतात. गिटार वाजते, टिकते. पण बाजारात जुन्या गिब्सनची मान एकदा मोडली की दुरुस्ती कितीही छान असो, किंमत साधारण निम्म्यावर येते. वाजवणाऱ्यासाठी मात्र ही मेजवानीच: तोच आवाज, निम्म्या दरात.

किंमत निम्म्यावर आणणारी दुसरी गोष्ट म्हणजे नवा रंग. हे नवख्यांना पटत नाही. गिटार विटलेली दिसते, रंग उडालाय, मग घासून नवीन का करू नये? आपल्याकडे याचं उत्तर द्यायला लांब जायला नको. काळ्या पाषाणाचं आठशे वर्षांचं हेमाडपंती देऊळ, आणि गावानं ‘जीर्णोद्धार’ म्हणून त्याला गुलाबी ऑइल पेंट फासलेला. पेंट फासणाऱ्यांचा भाव खरा असतो, पण छिन्नीच्या खुणा कायमच्या जातात. गिटारीचंही तसंच. जिथे वादकाचा हात पन्नास वर्षं टेकला तिथला उडालेला रंग परत मिळत नाही. उलट १९९५ पासून फेंडर ‘रेलिक’ नावाखाली कोऱ्या करकरीत गिटारी मुद्दाम खरवडून, गंजवून जास्त किमतीला विकतं. फाटलेल्या जीन्सचाच भाऊबंद.

पन्नास-साठच्या दशकातल्या अमेरिकन गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं. आपल्या फर्निचरवाल्यांकडचं ‘एनसी’ म्हणतात ते याच घराण्यातलं. कापसाच्या किंवा लाकडाच्या सेल्युलोजवर नायट्रिक अ‍ॅसिडची क्रिया करून ते बनतं. जुन्या सिनेमाच्या रिळीही याच कुळातल्या, म्हणून त्या भडकन पेट घेत. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात एफटीआयआयच्या आवारात आग लागून जुन्या नायट्रेट रिळी जळाल्या, ते आठवत असेल. हे आठवलं की लॅकर फवारताना जवळ पणती ठेवायची हिंमत होत नाही. काही जुन्या गिटारींवरच्या सेल्युलॉइडच्या पट्ट्या नि पिकगार्ड, म्हणजे ओरखड्यांपासून जपणारी पातळ पाटी, हेही हेच कूळ, आत कापूर घातलेलं. ते म्हातारपणी कुजतं, आम्लाच्या वाफा सोडतं, आणि बंद पेटीत शेजारचा धातू हिरवा पडतो. अशी पट्टी दिसली की ती आधी बाहेर काढायची, मग बाकीचं.

पण या लॅकरचा एक मोठा गुण आहे. ते फक्त थिनर उडून वाळतं, आत कुठलीही रासायनिक गाठ पडत नाही. म्हणून जुन्या थरावर नवा थेंब टाकला तर खालचा थर विरघळून दोन्ही एकजीव होतात. टवका उडाला असेल तर बारीक ब्रशनं थेंब थेंब लॅकर भरायचं, दिवसाला एक-दोन थर, वाळून खाली बसलं की पुन्हा. शेवटी तीन-चार आठवडे थांबून बारीक वॉटर पेपरनं समपातळीत आणायचं. भेगेच्या आजूबाजूचं मूळ लॅकर तसंच राहतं. माझ्या जपानी गिटारीवर ही सोय नव्हती. तिचा पॉलिएस्टरचा थर म्हणजे प्लास्टिकची काच, त्यात काहीच विरघळत नाही. तिथे पातळ सुपरग्लू भरून घासावं लागलं. आणि दमट दिवशी लॅकर मारलं तर थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि थर दुधाळ पांढरा पडतो. सुतार याला ‘पांढरं मारलं’ म्हणतात. हे मी दोनदा करून पाहिलंय, मुद्दाम नाही.

पिकअपकडे वळू. तार ०.०६ मिलिमीटर जाडीची, केसाएवढी, आणि हंबकर पिकअपच्या एकेका गुंडाळ्यात तिचे सुमारे पाच हजार वेढे. हंबकर म्हणजे उलट्या वळणाचे, उलट्या चुंबकध्रुवांचे दोन गुंडाळे शेजारी; विजेच्या तारांची घरघर एकमेकांत वजा होते, संगीत बेरीज होतं. गिब्सनच्या सेथ लव्हरनं १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, ते मिळालं १९५९ मध्ये. त्या काळातल्या बऱ्याच पिकअपांखाली ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ असं लेबल होतं, आणि आज लोक त्या लेबलासाठी वेडे होतात. पाण्यात गेलेल्या पिकअपचं गुंडाळं मधोमध सहसा तुटत नाही. तुटतं ते सुरुवातीच्या किंवा शेवटच्या टोकाला, सोल्डरजवळ, जिथे तार उघडी असते आणि गंज चढतो. मल्टिमीटर लावला आणि सात-आठ किलोओहम दाखवले तर जीव आहे. काहीच दाखवलं नाही तरी लगेच पुन्हा गुंडाळायला काढू नका. भिंगाखाली ते टोक शोधा; एक वेढा उलगडून नवा सांधा दिला तर मूळ गुंडाळा वाचतो. मूळ गुंडाळा गेला की तो पिकअप नावापुरताच जुना.

आवाज कमी-जास्त करणाऱ्या पॉटच्या पाठीवर आकडे ठोकलेले असतात. ते वाचायला मला फार आवडतं. १३७६६३२ असं दिसलं तर १३७ म्हणजे सीटीएस ही कंपनी, ६६ म्हणजे १९६६, ३२ म्हणजे त्या वर्षाचा बत्तिसावा आठवडा. गिटार विकणारा ‘त्रेसष्टची आहे’ म्हणत असेल आणि पॉट सहासष्टचा निघाला तर दोघांपैकी एक खोटं बोलतोय, आणि पॉटला खोटं बोलता येत नाही. फार तर तो नंतर बदललेला असतो, पण मग सोल्डर सांगतो: जुना सोल्डर करडा, मळकट, नवा चकचकीत. म्हणून आतला मूळ सोल्डर विनाकारण वितळवायचा नसतो. पॉट खरखरत असेल तर आधी अल्कोहोलनं धुवा, पन्नासदा फिरवा. निम्मे तेवढ्यानंच सुधारतात.

फ्रेटचं थोडक्यात. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, सरकवता येतात. गिटारीचे लाकडात ठोकलेले, एकदा बसले की बसले. ते तांबं-निकेल-जस्ताचे असल्यानं गंजत नाहीत, हिरवे पडतात. मान वाळून सरळ झाल्याशिवाय त्यांना कानस लावू नये, नाहीतर आज सपाट केलेले फ्रेट महिन्यानं पुन्हा डोंगरदऱ्या होतात. फ्रेटबोर्डचा टवका भरायला त्याच लाकडाचा भुसा लागतो. शिसवी असेल तर आपल्याकडे चिंता नाही. जगभरच्या गिटारींवरची ‘इंडियन रोझवूड’ म्हणजे आपली शिसवच, सह्याद्रीतही वाढणारी. फ्रॅम्प्टनच्या गिटारीवर मात्र आबनूस आहे.

तिच्या भाजलेल्या खुणा त्यानं राहू दिल्या. माझ्या जपानी गिटारीच्या मालकांनी, म्हणजे आजोबांच्या नातीनं, मानेवरची रेघ दिसणार का विचारलं. दिसेल म्हटलं. मग राहू दे म्हणाली.

तारा एकदम चढवल्या नाहीत. पहिल्या दिवशी दोन सूर खाली, मग एक, मग पूर्ण, मधे दोन-दोन दिवसांचा मुक्काम. पूर्ण चढवल्यावर दुसऱ्या सकाळी जाड तार किंचित उतरलेली होती. नव्या तारा ताणतातच. पिळून वर आणली आणि भेगेवरून नख फिरवलं. अडकलं नाही.